मोडेमचा धडा कुठे चुकला?

‘मोडेम म्हणजे काय?’ हा प्रश्न संगणकाच्या परीक्षेत हमखास विचारला जाई. उत्तरही ठरलेले असे. ‘मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांपासून मोडेम हा शब्द बनला. तो संगणकाच्या अंकीय संदेशाचे ॲनलॉग संदेशात आणि ॲनलॉग संदेशाचे अंकीय संदेशात रूपांतर करतो.’ झाले, दोन गुण मिळाले. उत्तर चूक नव्हते. पण हे उत्तर तोंडपाठ असलेल्या माणसापुढे न चालणारा मोडेम ठेवला की तो गोंधळून जाई. कुठून सुरुवात करावी हे त्याला सुचत नसे. कारण ती व्याख्या मोडेमच्या नावाची फोड करून थांबत होती. मोडेम काम कसे करतो, याबद्दल तिने काहीच सांगितलेले नव्हते.

डायल-अपचा जमाना संपला. मग आज हे उकरून कशाला काढायचे? दोन कारणे आहेत. पहिले असे की, यंत्र बदलले तरी यंत्राविषयी लिहिण्याची आपली पद्धत बदललेली नाही. दुसरे कारण माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे. ते पुढे येईलच.

मोडेमविषयी आपल्यापर्यंत तीन प्रकारचा मजकूर पोहोचत होता : खोक्यावरचा आकडा, पुस्तकातली व्याख्या आणि माहितीपुस्तिकेच्या शेवटी असलेला ‘बिघाड व उपाय’ हा तक्ता. या तिघांनी काय सांगितले आणि काय गाळले, ते पाहू.

आकडा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला ती हवी असेल तर सुरुवातीला एसटीडी लावण्याला पर्याय नव्हता. म्हणजे संगणक बोलणार मुंबईशी आणि ट्रंक कॉलचे मीटर पळणार आपले. पुढे १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगमाची स्थापना झाली, ‘संचारनेट’ आले आणि १७२२३३ हा क्रमांक लहान गावांतल्या लोकांनाही पाठ झाला. या मधल्या काळात बाजारात खोक्यांवर आकडे चढत गेले : १४.४, २८.८, ३३.६ आणि १९९८ मध्ये व्ही-९० हे प्रमाण ठरल्यावर ५६. हे आकडे दर सेकंदाला इतके हजार बिट, या हिशेबातले. दुकानदार म्हणे, ‘छप्पनचाच घ्या सर.’ आपण घेत होतो. घरी जोडल्यावर पडद्यावर २६ किंवा २४ दिसे आणि आपण म्हणत असू, ‘माल खराब निघाला.’

माल बहुधा खराब नसे. टेलिफोनची तार माणसाचा आवाज नेण्यासाठी होती. सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच वारंवारतेचा पट्टा तिच्यातून पुढे जाई, म्हणजे ३१०० हर्ट्झची वाट. अशा वाटेवरून जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते, याचे सूत्र क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दिले. पट्ट्याची रुंदी गुणिले, संदेश व गोंगाट यांच्या गुणोत्तरात एक मिळवून येणाऱ्या संख्येचा दोन पायाचा लॉगॅरिदम. संदेशाची शक्ती गोंगाटाच्या १००० पट असेल तर तो लॉगॅरिदम जवळजवळ १० येतो, आणि मर्यादा सुमारे ३१,००० बिट. तारेवर खरखर वाढून हेच गुणोत्तर १०० वर आले तर लॉगॅरिदम ६.६६, मर्यादा सुमारे २०,६००. बारावीच्या मुलाला हे गणित पाच मिनिटांत जमते. खोक्यावर काहीही छापलेले असो, खरखर करणाऱ्या तारेतून २०,६०० च्या वर जाता येणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग ५६ आले कुठून? शॅनन चुकले का? नाही. नव्या एक्सचेंजांत आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेत, प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहीत. म्हणजे ६४,००० बिट. सेवा देणारे केंद्र एक्सचेंजशी थेट अंकीय मार्गाने जोडले, तर त्याच्याकडून येणाऱ्या माहितीचे नमुने घेण्याची गरजच उरत नाही आणि नमुने घेताना शिरणारा गोंगाटही टळतो. म्हणून येताना ५६ पर्यंत वेग शक्य झाला. जाताना मात्र आपल्या तारेवरचा ॲनलॉग संदेश एक्सचेंजमध्ये अंकीय करावाच लागे, म्हणून तिथे ३३.६ हीच कमाल राहिली. यातली मेख अशी की, वाटेत ॲनलॉग-अंकीय रूपांतर एकदाच व्हायला हवे. गावचे छोटे एक्सचेंज मोठ्या एक्सचेंजला ॲनलॉग मार्गाने जोडलेले असेल तर दुसरे रूपांतर होते आणि छप्पनचा मोडेम मुकाट्याने तेहतीसचा होतो. हा खुलासा खोक्यावर कधीच नव्हता. तिथे ‘पर्यंत’ हा एक शब्द असे, आणि तोही बारीक अक्षरात.

व्याख्या

पाठ्यपुस्तकाचा गुन्हा वेगळा. त्याने खोटे सांगितले नाही, पण महत्त्वाचे तेवढे गाळले. क्रमांक लागल्यावर मोडेममधून जो किंचाळण्याचा आणि फुसफुसण्याचा आवाज येई, तो सर्वांनी ऐकला. त्याचा अर्थ कोणी शिकवला नाही. समोरचा मोडेम आधी २१०० हर्ट्झचा स्वर लावतो. लांबच्या संभाषणात प्रतिध्वनी मारण्यासाठी बसवलेली यंत्रणा त्यामुळे बाजूला होते. नंतर व्ही-३४ प्रमाणाचे मोडेम १५० ते ३७५० हर्ट्झच्या दरम्यानचे अनेक स्वर एकदम पाठवतात. त्यांतले कोणते धडपणे पोहोचले आणि कोणते मेले, हे पाहून तारेची तब्येत ठरवतात आणि मग वेग ठरतो. म्हणजे मोडेम आधी मोजमाप करतो आणि नंतर रूपांतर करतो. हे एक वाक्य धड्यात असते, तर ‘वेग कमी का आला?’ या प्रश्नाचे उत्तर मुलांनीच दिले असते : तार तशी आहे म्हणून.

दुसरी चूक ‘बॉड’ची. अनेक पुस्तकांनी बॉड म्हणजे बिट प्रतिसेकंद असे लिहिले. बॉड म्हणजे सेकंदाला होणारे संदेशातले बदल. १४,४०० बिटांचा मोडेम सेकंदाला २४०० बदल करी आणि प्रत्येक बदलात ६ बिट बसवी. बैलगाडीच्या फेऱ्या आणि गाडीत भरलेली पोती यांत जो फरक, तोच हा. एवढा साधा भेद गाळल्यामुळे अरुंद तारेतून वेग कसा वाढत गेला, ही त्या यंत्राची सर्वांत सुंदर गोष्ट मुलांपर्यंत आलीच नाही.

तक्ता

माहितीपुस्तिकेतला ‘बिघाड व उपाय’ हा तक्ता कामाचा असायला हवा होता. पण तो दुसऱ्या देशासाठी लिहिलेला असे. ‘नो डायलटोन’ असे पडद्यावर आले तर त्यात उपाय एकच : तार नीट खोचली आहे का पाहा. आपण दहादा पाहत होतो. अमेरिकेतला डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन स्वरांचा असतो. आपला ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा. तिकडच्या स्वराची सवय असलेल्या मोडेमला आपला डायलटोन ओळखू येत नसे. उपाय अगदी सोपा होता. मांडणीत देश बदलायचा, किंवा ‘एटी-एक्स-३’ ही आज्ञा द्यायची. मग तो डायलटोनची वाट न पाहता क्रमांक फिरवी. जुन्या एक्सचेंजवर टोनऐवजी पल्स लागे. तिथे ‘एटीडीटी’च्या जागी ‘एटीडीपी’. तक्त्यात या गोष्टी कुठेतरी मागे, आज्ञांच्या यादीत दडलेल्या असत.

तक्त्याचा मोठा दोष त्याच्या क्रमात होता. तो संगणकापासून सुरू होऊन तारेपर्यंत पोहोचतच नसे. खरा क्रम उलटा हवा. आधी साधा फोन उचला. कोणताही एक आकडा दाबा, म्हणजे डायलटोन थांबेल. आता त्या शांततेत कान द्या. खरखर, गुणगुण, दुसऱ्याचे बोलणे ऐकू येते का? येत असेल तर मोडेमला हात लावू नका, तक्रार तारेची नोंदवा. आवाज स्वच्छ असेल तर घरातले जोडफोन काढा. मध्येच कोणी रिसीव्हर उचलला की जोडणी तुटते. मग मोडेमवरच्या ‘लाइन’ आणि ‘फोन’ या दोन खाचांची अदलाबदल झाली नाही ना ते पाहा. त्यानंतरच संगणकाकडे वळा.

एक सल्ला तर मला कुठल्याच पुस्तिकेत ठळकपणे दिसला नाही : वेग मुद्दाम कमी करा. एक मेगाबाइटची फाइल ३३.६ ने उतरायला सुमारे ४ मिनिटे १० सेकंद लागतात, १४.४ ने ९ मिनिटे ४३ सेकंद. पण तार खराब असून वरच्या वेगाला जोडणी दर तीन मिनिटांनी तुटत असेल, आणि प्रत्येक वेळी फाइल पहिल्यापासून सुरू होत असेल, तर ती कधीच पुरी होणार नाही. सावकाश जाणारा दहा मिनिटांत पोहोचतो. ससा-कासवाची गोष्ट इतक्या स्वच्छ आकड्यांत मांडायची संधी आपण दवडली.

निवड कशी व्हायला हवी होती

खरेदीच्या सल्ल्यांत किंमत आणि आकडा यांपलीकडे फारसे काही नसे. शाळेसाठी खरा प्रश्न होता, मोडेम बाहेरचा की आतला. आतल्या स्वस्त मोडेमांपैकी बरेचसे आपले काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलत. प्रोसेसर जुना असला की दोन्ही रखडत, आणि विंडोज सोडून दुसरी प्रणाली घातली की ते मुकेच होत. बाहेरचा महाग पडे, पण त्याच्या तोंडावर दिवे असत. फोन उचलला, समोरच्याचा स्वर मिळाला, माहिती गेली, माहिती आली, हे मुलांना डोळ्यांनी दिसे. शिकवण्यासाठी हे दिवे आकड्यापेक्षा मोलाचे होते. मात्र बाहेरच्या मोडेमसाठी संगणकाच्या सीरियल पोर्टमध्ये १६५५० ही चिप आहे का, हे विचारणे जरुरीचे होते. जुन्या ८२५० चिपमध्ये एकाच बाइटची सोय. वेग वाढला की बाइट गळत.

आणि खानदेशापुरती एक गोष्ट. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि जूनच्या आरंभी विजांचे पाऊस येतात. मोडेमच्या एका बाजूला विजेची वाहिनी, दुसऱ्या बाजूला खांबांवरून मैलभर आलेली तार. वीज पडली की दाबाची लाट दोन्हीकडून येऊ शकते. आकाश गडगडले की दोन्ही तारा काढून ठेवणे, हा फुकटचा उपाय. नुसते बटण बंद करून भागत नसे, कारण टेलिफोनची तार तशीच जोडलेली राही.

एका वहीची गोष्ट

आता माझी चूक. १९९९ साली धुळे जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवीत होतो. शाळेला देणगीतून संगणक आणि छप्पनचा मोडेम मिळाला. पहिला महिना बरा गेला. पावसाळा लागल्यावर जोडणी टिकेना. नववीतला एक मुलगा रोज तो हाताळत असे. त्यानेच काहीतरी बिघडवले असे ठरले आणि संगणकाच्या खोलीत यायची त्याला मनाई झाली. ठरवणाऱ्यांत मी होतो. तो म्हणाला होता, ‘सर, पाऊस पडला की तुटते.’ मी ते मनावर घेतले नाही. मला मोडेमची व्याख्या येत होती!

गणपतीच्या सुमारास लाइनमन आला. खांबावरच्या डब्यातला जोड उघडून त्याने मला दाखवला. तांब्यावर हिरवट थर चढला होता. ‘गुरुजी, तार गंजी गई,’ तो म्हणाला. जोड नवा केला आणि मोडेम पूर्वीसारखा चालू लागला.

मी मुलाला बोलावले, तेव्हा त्याने वही आणली. तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता, जोडणी किती मिनिटे टिकली, असे रकाने त्याने स्वतःच आखले होते. मनाई झाली त्या दिवशी नोंदी थांबल्या होत्या. उत्तर त्या वहीत दोन महिने पडून होते. मी त्याची माफी मागितली, वर्गासमोर मागितली. पण तोवर त्याचे संगणकाचे अर्धे वर्ष वाया गेले होते.

म्हणून मोडेमच्या धड्यावरचा माझा राग केवळ भाषेचा नाही. यंत्र कसे चालते हे न सांगणारा मजकूर बिघाडाचे खापर फोडायला माणूस शोधायला लावतो, आणि तो माणूस नेहमी सर्वांत लहान असतो. आज मोडेमच्या जागी राउटर आणि मोबाइल आले. त्यांच्या जाहिरातींतही ‘पर्यंत’ बारीक अक्षरातच असतो आणि वर्गात व्याख्या अजूनही नावाची फोड करून थांबतात.

शाळेच्या कपाटात जुना मोडेम असेल तर टाकू नका. भौतिकीच्या तासाला टेलिफोनच्या तारेचा रोध काढायला सांगा : अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, जाऊन-येऊन दर किलोमीटरला सुमारे १७५ ओहम. एक्सचेंज चार किलोमीटरवर असेल तर ७०० ओहम. त्यात एक गंजलेला जोड घाला आणि मुलांना विचारा, आता काय होईल? उत्तरे वहीत लिहू द्या. आणि त्या वह्या वाचा.