‘शुद्ध प्रतिजन’ : एका पदबंधाची चिकित्सा

विषाणूंविषयीच्या मराठी शास्त्रीय लेखनात ‘शुद्ध प्रतिजन’ हा पदबंध आता इतका रुळला आहे की, त्यातील दोन पदांचे परस्परांशी जमते किंवा नाही, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ‘प्रतिजन’ म्हणजे ‘दरमाणशी’ असे सामान्य वाचकास वाटेल, हा आक्षेप किरकोळ होय. ‘जन्’ धातू ओळखणारा तेथे अडणार नाही. खरी अडचण विशेषणाची आहे.

‘शुद्ध’ हे द्रव्याचे विशेषण. सोने शुद्ध असते, तूपही असते (निदान असावे). उलट ‘प्रतिजन’ हे ‘मेहुणा’ या शब्दासारखे संबंधवाचक नाम आहे : ज्याला प्रतिपिंड ओळखते ते प्रतिजन. शुद्ध मेहुणा कोणी पाहिला आहे काय?

इतिहासाची साक्षही हीच आहे. बारूक ब्लमबर्ग यांच्या संशोधनात, वारंवार रक्त घ्यावे लागलेल्या एका हिमोफिलियाग्रस्ताचे सीरम व एका ऑस्ट्रेलियन आदिवासीचे सीरम अगारच्या थरात समोरासमोर ठेविले असता मध्ये एक रेषा उमटली. १९६५ साली प्रसिद्ध झालेले ते ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ काय द्रव्य आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते. ते कशाशी जुळते, एवढेच ठाऊक होते. हे कावीळ-ब विषाणूचे पृष्ठप्रथिन होय, हे मागाहून कळले. पुढे वाहकांच्या रक्तातून शुद्ध केलेल्या याच प्रथिनाच्या लशीस अमेरिकेत १९८१ मध्ये, व यीस्टमध्ये घडविलेल्या प्रथिनाच्या लशीस १९८६ मध्ये मान्यता मिळाली.

आता या प्रथिनाची प्रतिजनता त्याच्या घडीवर, आणि ती घडी गंधक-बंधांवर अवलंबून आहे. ते बंध तोडले की, प्रथिन तितकेच शुद्ध राहूनही बहुतेक प्रतिपिंडांना अनोळखी होते. शुद्धता ठरविण्याची नेहमीची रीत पाहावी : डिटर्जंटने घडी उलगडून जेलवर एकच पट्टी दिसते काय, हे पाहणे. कुपीतील प्रथिनाची घडी शाबूत आहे काय, याविषयी ती पट्टी मूक असते. असे बिघडलेले प्रथिन एलायझाच्या तबकडीवर बसविले, तर प्रतिपिंडे असलेले सीरमही ‘नकारात्मक’ ठरू शकते. आणि प्रबंधात मात्र ‘शुद्ध प्रतिजन वापरले’ हे वाक्य निर्दोष दिसते.

त्यापेक्षा ‘शुद्ध केलेले पृष्ठप्रथिन’ असे लिहून, ते कोणत्या पेशीत घडविले व कोणत्या प्रतिपिंडाशी बांधले जाते, हे पुढच्या वाक्यात स्वतंत्रपणे सांगावे. वाक्य लांबेल, हे खरे.