कॉलनी काउंटरवरचा आकडा किती खरा?

रिसर्चला आलात की पाण्यातले जिवाणू मोजायचं काम कधीतरी वाट्याला येईलच, आणि डिजिटल कॉलनी काउंटरशी गाठ पडेल. त्याची थोडी परखड ओळख करून देतो.

यंत्र साधं आहे. खालून उजेड, वर भिंग आणि सोबत एक पेन. प्लेट उलटी ठेवायची आणि प्रत्येक कॉलनीवर पेन टेकवायचा. ठिपका उमटतो, 'बीप' होतं, आकडा एकाने वाढतो. मध्येच कोणी हाक मारली तरी मोजणी विसरत नाही, हा फायदा खराच. पण चिकटलेल्या कॉलन्या एक की दोन, पांढरा ठिपका कॉलनी की बुडबुडा, हे तुमच्याच डोळ्यांनी ठरवायचं. कॅमेऱ्याचं स्वयंचलित यंत्र ते स्वतः ठरवतं आणि नेमकं तिथेच फसतं.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. कोलाडजवळ कुंडलिकेचं पाणी मी दोन ठिकाणी घेतलं, एक वस्तीच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. शंभरपट विरल करून 0.1 मिली प्लेटवर पसरवलं. काउंटरवर आले 34 आणि 41. म्हणजे मिलीमागे 34,000 आणि 41,000. सात हजारांची वाढ! मी वहीत लिहून मोकळा झालो, 'वस्तीनंतर जिवाणू वाढले.' सरांनी एवढंच विचारलं, "प्लेटी किती लावल्या?" प्रत्येकी एक.

आता गणित बघा. अशा मोजणीत निव्वळ योगायोगाने पडणारा फरक साधारण आकड्याच्या वर्गमुळाइतका असतो. 34 आणि 41 मिळून 75, त्याचं वर्गमूळ जवळपास 9. माझा फरक होता 7 चा! हजाराने गुणल्यावर तो मोठा दिसला, इतकंच. काउंटर चुकला नव्हता, पण 34 च्या पुढे 'सहा कमी-जास्त' असं तो कधीच दाखवत नाही.

म्हणूनच 30 ते 300 कॉलन्यांची प्लेट मोजा म्हणतात. 30 ला ही अनिश्चितता सुमारे 18 टक्के असते, 300 ला सुमारे 6. प्रत्येक नमुन्याच्या निदान तीन प्लेटी लावा. एखादी प्लेट मित्राकडून, तुमचा आकडा न सांगता, मोजून घ्या. नमुन्याची वेळही लिहा. भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटलं की कुंडलिका बदलते, इथलं राफ्टिंग त्यावरच चालतं. मी वेळ लिहिलीच नव्हती.

वहीतलं ते वाक्य खोडलंय. आता पुन्हा कोलाडला जाणं आलं.