टाळी वाजवणारे हात

दशलक्षणाचे दिवस होते. शेजारची मुलगी, वय वर्षं सोळा, एकाशन करून आमच्या ओसरीवर वाचत बसली होती. पुस्तकाचं नाव पाहिलं, ‘द हंगर गेम्स’. मी म्हटलं, “अगं, उपासाच्या दिवसांत हे भुकेचे खेळ? आणि मुलं मुलांना मारतात म्हणे त्यात!” ती म्हणाली, “काकू, पहिले वाचा, मग बोला.” बरोबरच होतं तिचं. दोन रात्रींत मी ते वाचून काढलं.

सुझन कॉलिन्सची ही कादंबरी 2008 सालची. पॅनेम नावाचा देश, राजधानीखाली दबलेले 12 जिल्हे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा, एक मुलगी चिठ्ठी टाकून उचलायची, वय 12 ते 18. चोवीस जण रिंगणात सोडायचे, एक जिवंत परत येणार. बाकी देशानं ते बघायचं, बघणं सक्तीचं. नायिका कॅटनिस शिकारी आहे आणि तिचं नाव एका कंदावरून ठेवलेलं आहे. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात जे येत नाही, तेच नेमकं तिचं नाव! माझ्यासारखीला ती आवडायचं काही कारण नव्हतं. पण आवडली.

मुलांना यात काय सापडतं? मला वाटलं होतं, मारामारी. मुलीनं बोट ठेवलं ते चिठ्ठ्यांवर. पुस्तकात असं आहे, की घरात दाणा नसेल तर जास्तीची चिठ्ठी टाकायची, बदल्यात वर्षभराचं थोडं धान्य नि तेल मिळतं. सोळाव्या वर्षी कॅटनिसच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या झालेल्या असतात. “नियम सगळ्यांना सारखा, काकू, पण चिठ्ठ्या कुठे सारख्या आहेत?” ती म्हणाली. ही मुलगी सकाळी शाळा, दुपारी कोचिंग अशी धावते. नीटला वीस लाखांवर मुलं बसतात, एमबीबीएसच्या जागा लाखभराच्या आसपास. आपण मोठी माणसं तिला रोज सांगतो, मेहनत कर, संधी सगळ्यांना आहे. कोणाची फी घर विकून भरली गेली, हे आपण बोलत नाही. कॉलिन्स बोलते. भविष्यातला भयंकर देश म्हणून मुलं हे वाचत नाहीत. आपल्याला माहीत असलेलं कोणीतरी मोठ्यानं म्हटलं, म्हणून वाचतात.

पण माझ्या मनात घोळत राहिलं ते वेगळंच. आपल्याकडे पापाचा हिशेब तीन हातांनी मांडतात: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मनातून ‘छान झालं’ म्हटलेलं. जपमाळेच्या 108 मण्यांचा जो हिशेब तत्त्वार्थसूत्रावरून सांगतात, त्यातही हे तिन्ही आहेत. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर उरवाईच्या बाजूला चढताना मला हे दर वेळी आठवतं. तोमरांच्या काळात, 15व्या शतकात, कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या त्या प्रचंड मूर्ती. त्या भंगवायचा हुकूम आपण दिला, हे बाबरानं स्वतःच आठवणींत लिहून ठेवलं आहे. हुकूम एकाचा, हातोडा दुसऱ्याचा. इतिहास या दोघांचा हिशेब ठेवतो. उभं राहून बघणाऱ्या तिसऱ्याचा ठेवत नाही.

ही कादंबरी त्या तिसऱ्याचा हिशेब ठेवते. राजधानीतले लोक कोणाला बोटही लावत नाहीत. ते नटतात, जेवतात, पैजा लावतात, आवडत्या मुलासाठी रडतातसुद्धा. टीव्हीवर एका वाहिनीवर स्पर्धा आणि दुसरीवर इराकचं युद्ध, अशी चाळवाचाळव करताना ही गोष्ट सुचली, असं लेखिकेनं सांगितलं आहे. ते पानापानांत दिसतं.

माझी तक्रारही इथेच आहे. कॅटनिसचे हात लेखिका फार जपते. गोड, लहानगी रू मरते ती दुसऱ्याच्या भाल्यानं. कॅटनिसचा बाण लागतो तो त्या भालेवाल्याला. तिला जीवदान देणारा थ्रेश तिच्या नजरेआड मरतो. ज्याच्यावर आपला जीव जडला, त्याला मारायची वेळ तिच्यावर येतच नाही. गृहस्थाला जी विरोधी हिंसा टाळता येत नाही म्हणतात, तेवढ्यातच तिला ठेवलं आहे. मग वाचकाला टाळी वाजवणं सोपं जातं. राजधानीला नावं ठेवत आपणही गादीवर बसून तोच खेळ बघतो.

हे मी मुलीला बोलून दाखवलं आणि विचारलं, “शेवटी केटो पडतो, तेव्हा तुला काय वाटलं?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आधी बरं वाटलं. मग ती जनावरं त्याला रात्रभर फाडत राहतात ना... तेव्हा वाटलं, आता पुरे. आणि स्वतःचीच लाज वाटली.”

मला माझी तक्रार अर्धी मागे घ्यावी लागली. लेखिकेनं ती रात्र लांबवली आहे ती उगाच नाही. आधी आपल्याकडून मनातल्या मनात टाळी वाजवून घेते आणि मग ती ऐकायला लावते. कॅटनिसचा तिथला बाण दयेचा आहे. आपली टाळी मात्र वाजून गेलेली असते.

आयांनो, हे पुस्तक मुलांच्या हातून ओढून घेऊ नका. वाचून झालं की एवढंच विचारा, यातलं कुणाचं मरण तुला बरं वाटलं? आणि आधी स्वतः वाचून स्वतःलाही विचारा.