कोठडीतली भाविक बाई

ग्रॅहम ग्रीन यांची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०) ही कादंबरी मेक्सिकोतील धर्मछळाच्या काळातली आहे. तिचा नायक मद्यपी धर्मगुरू असून एका मुलीचा बापही आहे. १९५३ साली व्हॅटिकनच्या होली ऑफिसने या पुस्तकावर आक्षेप घेतला होता.

कादंबरीचा कस लागतो तो तुरुंगाच्या अंधाऱ्या कोठडीत. घरात धर्मपुस्तके बाळगली म्हणून कैद झालेली एक भाविक बाई तेथे आहे. शेजारच्या पापी जोडप्याची तिला किळस येते. धर्मगुरूला मात्र त्या अंधारात कोणीच आपल्याहून हीन वाटत नाही. सुखवस्तू धर्मग्रामात प्रतिष्ठेने राहत असताना त्याला माणसांविषयी असे प्रेम कधी वाटले नव्हते.

ग्रीन दांभिकपणा पापात शोधत नाहीत. स्वतःच्या पापाच्या विस्मरणात शोधतात. ती बाईही श्रद्धेपायीच तुरुंगात आली आहे, हे विसरता कामा नये. तिची श्रद्धा खोटी नाही. तिची नजर स्वतःकडे वळलेली नाही, एवढेच.

वाचकाची परीक्षा येथेच आहे. धर्मगुरूची बाजू घेऊन आपण त्या बाईला नावे ठेवतो आणि ‘मी तिच्यासारखा नाही’ असे मनात म्हणतो. ती प्रार्थना जकातदाराची नव्हे, परुश्याची असते. पुढच्या पापनिवेदनापूर्वी हे पुस्तक अवश्य वाचावे.