संत कातारिना : मुखवटा की प्रमाण?

अलेक्झांड्रियाच्या संत कातारिनाच्या सणानिमित्त १६९१ साली ओआहाकाच्या कॅथेड्रलमध्ये गायिली गेलेली 'बियान्सिको' गीतमालिका ही सोर हुआना इनेस दे ला क्रुस या मेक्सिकोतील जोगिणीची रचना. त्याच वर्षी १ मार्चला तिने 'सोर फिलोतेआ' या स्त्रीनामाआडून लिहिणाऱ्या पुएब्लाच्या बिशपला आपले विख्यात उत्तर लिहिले होते. स्त्रीच्या अध्ययनाचे समर्थन करताना तिने विदुषींच्या नामावळीत कातारिनाचाही समावेश केला होता. उत्तर आणि गीते यांतील हे सान्निध्य स्त्रीवादी समीक्षेने अचूक हेरले. इलेक्टा अरेनाल व अमांडा पॉवेल यांनी १९९४च्या आवृत्तीत उत्तरासोबत या गीतांतील निवडक भागही दिला, तो याच जाणिवेतून.

मराठी वाचकाला 'संत' म्हटले की रचनाकार आठवतो. येथे संत हा काव्यविषय आहे. म्हणूनच कवयित्री आणि संत यांचे नाते कसे लावावे, हा प्रश्न कळीचा ठरतो. प्रचलित स्त्रीवादी वाचनानुसार इजिप्तच्या पंडितांना वादात जिंकणारी कातारिना हा सोर हुआनाचा मुखवटा होय. हे वाचन फलदायी आहे. परंतु ते एका गोष्टीकडे पुरेसे पाहत नाही. बियान्सिको ही एकांतातील आत्मकविता नव्हे. ती प्रार्थनाविधीत, जनभाषेत, कॅथेड्रलच्या पुरुष गायकवृंदाने गाण्यासाठी लिहिलेली रचना आहे. बुद्धीचे सार लिंगात नसते, हा त्यातील सिद्धान्त त्यामुळे कवयित्रीच्या तोंडून नव्हे, तर धर्मसंस्थेच्याच मुखातून उच्चारला जातो. मुखवटा मानला की तो एका दुखावलेल्या स्त्रीचा कैफियतवजा उद्गार उरतो. विधी ध्यानात घेतला की तो प्रतिपक्षाला नाकारता न येणारे प्रमाण बनतो.

अर्थात या प्रमाणालाही मर्यादा आहे. आख्यायिकेतील कातारिना वाद जिंकते आणि शिरच्छेदाला सामोरी जाते. विदुषी वंदनीय ठरते ती मृत्यूनंतर. सोर हुआनाने तिच्या शेजारी क्लिओपात्राचे मरण उभे केले आहे. त्यातून इजिप्तच्या दोन स्त्रियांची परंपरा जोडली जाते, पण ती परंपरा मरणातूनच जाते. गीतांतील जयघोषाला हे सावट आहे. विजयाचेच वाचन करणारी स्त्रीवादी समीक्षा या सावटाला वळसा घालते, तेव्हा ती कवितेपेक्षा अधिक आशावादी होते. १६९५ मध्ये सोर हुआनाचे निधन झाले; तिचे उत्तर छापले गेले १७०० साली.