व्याख्या पाठ आहे, पण ती टिकते का?

विज्ञानाच्या आणि गणिताच्या प्रश्नपत्रिकेत ‘व्याख्या लिहा’ हा प्रश्न बहुधा सुरुवातीलाच असतो. गुण एक किंवा दोन. लिहिणाऱ्याला तो सोपा वाटतो आणि तपासणाऱ्यालाही. नमुना उत्तरातले शब्द त्याच क्रमाने दिसले की पूर्ण गुण; एखादा शब्द गळला की अर्धा गुण कमी. मात्र नमुना उत्तरातली ती व्याख्या स्वतः बरोबर आहे का, हे तपासण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. या लेखात आम्ही तेच करणार आहोत. वर्गात नेहमी कानांवर पडणाऱ्या चार व्याख्या येथे घेतल्या आहेत. या वेळी परीक्षेला बसायचे आहे ते व्याख्यांनी.

गाईचे लक्षण

परीक्षा घ्यायची तर मापदंड हवा. तो आपल्याकडे फार पूर्वीपासून तयार आहे. न्यायशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासातच, वस्तूचे ‘लक्षण’ सांगताना कोणते तीन दोष टाळावेत हे शिकवले जाते. त्यासाठी उदाहरण असते गाईचे.

‘जिला शिंगे असतात ती गाय’ असे म्हटले तर म्हैस आणि शेळीही गाय ठरतात. लक्षण हवे त्यापेक्षा जास्त पसरले; ही अतिव्याप्ती. ‘जी तांबूस रंगाची ती गाय’ असे म्हटले तर पांढऱ्या आणि काळ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘जिचे खूर दुभंगलेले नसतात ती गाय’ असे म्हटले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. चौथा एक दोष या शास्त्राने वेगळा नोंदवला आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा पहिल्यावर टेकवणे, म्हणजे अन्योन्याश्रय.

आता हे चार दोष हाती घेऊन आपल्या वर्गात जाऊ.

अतिव्याप्ती: मूळ संख्या

‘जिला १ ने व त्याच संख्येनेच भाग जातो, ती मूळ संख्या.’ ही व्याख्या पाठ केलेल्या एका चौकस मुलीने १ ही संख्या तपासली असे समजू. १ ला १ ने भाग जातो. त्याच संख्येने, म्हणजे पुन्हा १ नेच, भाग जातो. आणखी कशानेही जात नाही. तेव्हा १ ही मूळ संख्या आहे, असे ती लिहिते आणि तिला शून्य गुण मिळतात. तिचा तर्क आम्हांला तरी निर्दोष दिसतो. चूक व्याख्येची, आणि शिक्षा मात्र मुलीला.

नीट लिहिलेल्या पुस्तकात ‘दोनच विभाजक असलेली संख्या’ असे शब्द असतात. सारा भार ‘दोनच’ या शब्दावर आहे. १ ला विभाजक एकच, म्हणून ती बाहेर राहते. व्याख्या तोंडी सांगताना किंवा मार्गदर्शकात सोपी करताना नेमका हाच शब्द गळतो.

पण १ ला बाहेर का ठेवायचे? ‘नियम आहे म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही. १२ चे मूळ अवयव २×२×३ असे एकाच प्रकारे पडतात. क्रम बदलला तरी अवयव तेच राहतात. १ ला मूळ मानले, तर १×२×२×३, १×१×२×२×३ असे कितीही प्रकार होतील आणि ‘एकाच प्रकारे’ हा सुंदर सिद्धान्त मोडेल. एराटोस्थेनिसच्या चाळणीतही हे दिसते. १ ला मूळ धरून त्याच्या पटीतल्या संख्या खोडायला घेतल्या, तर पुढची एकही संख्या उरणार नाही. विशेष म्हणजे हा निर्णय गणितज्ञांनीही सावकाश घेतला. डेरिक नॉर्मन लेमर यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूळ संख्यांच्या मोठ्या यादीची सुरुवात १ ने होते. ज्या प्रश्नावर अशा अभ्यासकाचे मत आजच्यापेक्षा वेगळे होते, तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीला निदान शून्य देऊ नये.

अव्याप्ती: ऊर्जा

‘कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा.’ ही व्याख्या इतकी रुळली आहे की तिच्यावर शंका घेणे उद्धटपणाचे वाटावे. तरी एक प्रयोग मनात करून पाहू.

८० अंश सेल्सिअस तापमानाचे १ किलोग्रॅम पाणी एका भांड्यात आणि २० अंशांचे १ किलोग्रॅम पाणी दुसऱ्या भांड्यात आहे. या दोहोंच्या दरम्यान एक आदर्श उष्णता-इंजिन चालवले, तर दोन्हींचे तापमान सारखे होईपर्यंत सुमारे ११,७०० ज्यूल कार्य मिळू शकते. म्हणजे ५० किलोग्रॅमचे धान्याचे पोते सुमारे २४ मीटर, साधारण आठ मजले, वर चढेल. आता इंजिन न लावता दोन्ही पाणी एका बादलीत ओतू. बाहेर उष्णता गेली नाही असे धरले, तर ५० अंशांचे २ किलोग्रॅम पाणी मिळेल. एकूण ऊर्जा होती तेवढीच आहे. पण त्या दोन पाण्यांतल्या फरकावर चालणारे इंजिन आता चालणार नाही. कार्य करण्याची ती क्षमता गेली, आणि ऊर्जा मात्र कणभरही कमी झाली नाही.

मग ऊर्जा आणि कार्य करण्याची क्षमता या एकच गोष्ट कशा? व्याख्या शब्दशः खरी मानली, तर त्याच पाठात पुढे येणारा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम खोटा ठरतो. क्षमता कमी होते आणि ऊर्जा टिकते, हा भेद विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५२ मध्येच मांडला होता. वातावरणाइतकेच तापमान असलेल्या पाण्याच्या साठ्यातही अफाट ऊर्जा असते, पण तिच्यावर जहाज चालवता येत नाही. आपल्या व्याख्येत ही ऊर्जा बसतच नाही.

व्याख्येचा हा दोष केवळ शब्दांचा नाही. ‘ऊर्जा नष्ट होत नाही, मग ती वाचवायची कशाला?’ असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे आणि पाठ केलेल्या व्याख्येतून त्याचे उत्तर मिळत नाही. आपण वाचवतो ती ऊर्जेची उपयुक्तता, हे सांगायचे तर आधी व्याख्येची मर्यादा कबूल करावी लागते. म्हणून आम्ही असे सुचवतो: कार्य घडणे ही ऊर्जा ओळखण्याची एक खूण आहे, असे वर्गात सांगावे. ऊर्जा ही हिशोबाची राशी आहे. ती रूपे बदलते, पण बंदिस्त व्यवस्थेत तिची बेरीज बदलत नाही, हे उदाहरणांनी दाखवावे. दोन ओळींची बिनचूक व्याख्या येथे मिळणे कठीण, आणि तेही सांगायला हरकत नाही.

असंभव: अणू

‘पदार्थाचा अविभाज्य असा लहानात लहान कण म्हणजे अणू.’ डाल्टन यांनी १८०८ मध्ये आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला, तेव्हाच्या ज्ञानाला हे वाक्य शोभणारे होते. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला, १९११ मध्ये रदरफर्ड यांनी अणुकेंद्रकाची कल्पना मांडली आणि १९३८ मध्ये हान व श्ट्रासमान यांच्या प्रयोगांत युरेनियमचे केंद्रकही दुभंगले. आज ‘अविभाज्य’ ही अट पाळणारा एकही अणू दाखवता येत नाही. दुभंगलेले खूर नसलेल्या गाईसारखीच ही गोष्ट झाली. गंमत अशी, की हे वाक्य सांगितल्यावर पुढच्याच तासाला आपण इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन फळ्यावर लिहितो आणि या विसंगतीबद्दल एक शब्दही बोलत नाही.

‘मूलद्रव्याची ओळख टिकवणारा लहानात लहान कण’ असे म्हटले की अडचण दूर होते. सोन्याच्या अणूतून एखादा इलेक्ट्रॉन निघाला, तरी केंद्रकात ७९ प्रोटॉन आहेत तोवर ते सोनेच आहे.

अन्योन्याश्रय: वस्तुमान

‘पदार्थातील द्रव्यसंचय म्हणजे वस्तुमान.’ मग द्रव्य म्हणजे काय? ‘ज्याला वस्तुमान असते आणि जे जागा व्यापते ते द्रव्य.’ घाण्याच्या बैलासारखे आपण फिरून तेथेच आलो. ही अडचण थोरांनाही चुकली नाही. न्यूटन यांनी १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त द्रव्याचे परिमाण घनता आणि आकारमान यांवरून सांगितले. त्यावर एर्न्स्ट माख यांनी १८८३ च्या आपल्या यामिकीवरील ग्रंथात आक्षेप घेतला, की घनता म्हणजेच एकक आकारमानाचे वस्तुमान; तेव्हा हे वर्तुळच झाले.

माख यांनी सुचवलेली वाट वर्गातही चालण्याजोगी आहे. दोन ढकलगाड्यांमध्ये दाबलेली स्प्रिंग ठेवून सोडा. ज्या गाडीला दुप्पट त्वरण मिळेल, तिचे वस्तुमान दुसरीच्या निम्मे. येथे ‘द्रव्य’ या शब्दाची गरजच उरली नाही. काय मोजायचे, कसे मोजायचे, हे व्याख्येनेच सांगितले. राशीच्या व्याख्येकडून एवढी अपेक्षा आपण ठेवायलाच हवी.

व्याख्या कोण ठरवते?

एवढे वाचल्यावर ‘मग कोणतीच व्याख्या खरी नाही का?’ असे कोणी विचारील. आमचे म्हणणे तसे नाही. व्याख्या माणसे ठरवतात, आणि ती गरज पडली म्हणून ठरवतात. २००५ मध्ये, प्लूटोच्याच तोलामोलाच्या एरिस या गोलाचा शोध जाहीर झाला, तेव्हा ‘ग्रह’ म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट करणे भाग पडले. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदान घेऊन तीन अटी ठरवल्या. सूर्याभोवती फिरणे आणि स्वतःच्या गुरुत्वाने जवळजवळ गोलाकार होणे या पहिल्या दोन अटी प्लूटो पूर्ण करतो. आपल्या कक्षेचा परिसर मोकळा करणे, ही तिसरी अट तो पूर्ण करत नाही. म्हणून तो बटुग्रह ठरला. त्या दिवशी आकाशात काहीही बदलले नाही, बदलली ती आपली वर्गवारी. ‘ग्रह आठच का?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही हकीकत सांगितली, तर विद्यार्थ्याला विज्ञान कसे चालते तेही कळते.

खालच्या वर्गांत सैल वाक्ये वापरावीच लागतात, हे आम्हांला मान्य आहे. पाचवीच्या मुलाला केंद्रकातील प्रोटॉन मोजायला लावणे शहाणपणाचे नाही. पण तेथे ‘हे वर्णन आहे, व्याख्या पुढे येईल’ असे सांगता येते. सैल वाक्य सांगण्यात दोष नाही. ते अंतिम म्हणून पाठ करून घेण्यात आणि त्यावर गुण कापण्यात आहे.

म्हणून एक साधी सूचना. ‘व्याख्या लिहा’ या प्रश्नाबरोबर कधी तरी पुढील प्रश्न घालून पाहावेत. या व्याख्येत चुकून शिरणारे एक उदाहरण द्या. बसायला हवे पण बसत नाही असे एक उदाहरण द्या. यातला कोणता शब्द काढला तर अर्थ बिघडेल? उत्तरे तपासायला वेळ लागेल हे खरे, आणि नमुना उत्तराशी ती जुळणारही नाहीत. परंतु १ ला मूळ संख्या म्हणणाऱ्या त्या मुलीला पूर्ण गुण मिळवून देईल असा प्रश्न प्रथमच प्रश्नपत्रिकेत आलेला असेल.