कुस्करा आणि अगत्य

पुस्तकाचे परीक्षण लिहिताना जी शिस्त आपण पाळतो, ती जेवणाचे परीक्षण करताना का सोडून देतो, हे मला कधी उमगलेले नाही. कादंबरीविषयी कुणी नुसते ‘छान आहे, अवश्य वाचा’ एवढेच म्हटले, तर त्याला आपण टीकाकार म्हणत नाही. खानावळीविषयी मात्र ‘झकास आहे, एकदा जाच’ एवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते. वास्तविक दोन्हीकडे विचारायचे ते एकच : करणाऱ्याने काय साधायचे ठरवले होते, ते त्याला कितपत साधले, आणि साधले त्याचे मोल काय?

मी कादंबऱ्या लिहिते आणि शाळेत मुलांना मराठी शिकवते. पाकशास्त्रात मी पारंगत नाही. घरच्या चुलीपुढे जे शिकले तेवढेच माझे भांडवल. तरीही गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत लंडनला धाकट्या भावाकडे राहिले असताना ज्या लेबनीज खानावळीत तीनदा जेवले, तिचे परीक्षण लिहावे असे फार मनात आहे. तिचे नाव सांगत नाही. मला जाहिरात करायची नाही, आणि तिच्या जातीच्या खानावळी त्या शहरात एकीला शोधावे तर चार सापडतील इतक्या आहेत.

लंडनमध्ये मार्बल आर्चपासून वायव्येकडे सरळ निघणारा एजवेअर रोड हा मुळात रोमन लोकांच्या जुन्या वाटेवरचा रस्ता. आज त्याच्या दोन्ही बाजूंना अरबी पाट्या दिसतात. 1970 नंतरच्या काळात अरब देशांतली माणसे इथे येऊ लागली. पुढे 1975 ते 1990 अशी पंधरा वर्षे लेबनॉनात यादवी माजली, तेव्हा घरदार सोडलेल्या कितीतरी लेबनीज कुटुंबांनी जगभर जशी दुकाने आणि खानावळी थाटल्या, तशा इथेही थाटल्या. देश सोडणे त्या मुलखाला नवे नव्हते. खांडेकरांनी ज्याची मराठी वाचकांशी ओळख करून दिली तो खलील जिब्रान याच डोंगराळ प्रदेशातला. 1883 साली बशर्री गावात जन्मलेला हा मुलगा बारा वर्षांचा असतानाच आईबरोबर अमेरिकेत गेला. जिब्रानची वचने आपण वह्यांत उतरवून घेतली. त्याच्या गावी चुलीवर काय शिजत असेल, हे मात्र कधी कुणाला विचारले नाही.

भाऊ म्हणाला, “ताई, तुला शाकाहारी माणसाला इथे पोटभर मिळेल, आणि माझ्या खिशालाही सोसेल.” दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. त्यांतल्या पहिलीचे कारण मजेदार आहे. लेबनॉनात ख्रिस्ती वस्ती मोठी, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासात त्यांच्यातले भाविक लोक मांस वर्ज्य करतात. त्यामुळे ऑलिव्हच्या तेलात केलेल्या, कडधान्यांच्या आणि भाज्यांच्या पदार्थांची एक सबंध शाखाच तिथे वाढली. म्हणजे कुणाच्या तरी उपवासाने माझी सोय झाली होती!

आम्ही चौघे बसलो : भाऊ, भावजय, माझी नऊ वर्षांची भाची आणि मी. अजून काही मागवलेले नाही, तोच एका पोऱ्याने टोपलीभर पातळ, गोल, गरम रोट्या आणून ठेवल्या. पाठोपाठ ऑलिव्ह, बिटाच्या रसाने गुलाबी झालेल्या सलगमाच्या लोणच्याच्या फोडी, हिरव्या मिरच्या, मुळा आणि पुदिन्याची जुडी. जुडी म्हणजे जुडीच. चटणी नव्हे, सजावट नव्हे. तिची पाने खुडून खायची. मग मागवलेल्या बशा एकेक येऊ लागल्या आणि टेबलाच्या मधोमध विसावू लागल्या. भाचीने विचारले, “माझी डिश कुठली?” तिच्या आईने सांगितले, “सगळ्याच.” या एका शब्दात त्या जेवणाची सारी मांडणी आली.

या मांडणीला ‘मेझे’ म्हणतात. हा शब्द फारसीतल्या ‘मझा’चा, म्हणजे चव या अर्थाच्या शब्दाचा, तुर्कांच्या वाटेने तिकडे गेलेला अवतार. आपली ‘मजा’ही त्याच फारसी घरातली. एक बहीण पश्चिमेला गेली आणि जेवणाची पंगत झाली. दुसरी आपल्याकडे आली आणि नुसती चैन होऊन बसली. भाषा शिकवणाऱ्या बाईला याहून अधिक काय हवे?

आता पदार्थांविषयी. ‘लबने’ म्हणजे आपला चक्का. आपण त्यात साखर आणि वेलदोडा घालून श्रीखंड करतो. ते मीठ घालून, वर ऑलिव्हचे तेल सोडून रोटीशी खातात. इथला चक्का घट्ट आणि आंबूसपणाला नेमका होता. ‘तब्बूले’ ही या स्वयंपाकाची खरी परीक्षा. ती पार्सलेची कोशिंबीर आहे; त्यात भिजवलेला गव्हाचा रवा अगदी चिमूटभर, टोमॅटो, पुदिना आणि लिंबू. बाहेरच्या देशांत स्वस्ताई म्हणून रव्याचा ढीग करतात आणि त्यावर हिरवळ भुरभुरतात. इथे बशी हिरवीगार होती, आणि पार्सले धारदार सुरीने चिरलेली असल्यामुळे तिला पाणी सुटलेले नव्हते. त्या बशीत कुणाचे तरी हात बराच वेळ राबले होते, हे माझ्यासारखीला सांगावे लागत नाही.

‘हुम्मुस’ म्हणजे काबुली चणे मऊ शिजवून, तिळाच्या वाटणात आणि लिंबात घोटलेले. यावरून लेबनॉन आणि इस्रायल यांच्यात मालकीचे भांडण आहे. 2010 च्या जानेवारीत इस्रायलमधल्या अबू घोश या अरब गावात 4,090 किलो हुम्मुसाचे ताट करून जागतिक विक्रम झाला. त्याच वर्षी मे महिन्यात लेबनॉनातल्या तीनशे आचाऱ्यांनी 10,452 किलो करून तो मोडला. हा आकडा मुद्दाम निवडलेला होता. लेबनॉनचे क्षेत्रफळ तितकेच चौरस किलोमीटर आहे. देशाभिमान मी समजू शकते. परंतु जो पदार्थ चौघांनी एका बशीत रोटी बुडवून खाण्यासाठी जन्मला, त्याची थोरवी टनांत मोजू लागलो की त्याचा आत्माच हरवतो. आमच्या टेबलावरचे हुम्मुस मूठभर होते आणि पुरून उरले.

पण ज्या पदार्थासाठी हा लेख लिहायला बसले तो वेगळाच आहे. त्याचे नाव ‘फत्तूश’. काकडी, टोमॅटो, मुळा, पुदिना, आणि पुष्कळदा घोळ! होय, आपल्याकडे बाजारात ढिगाने मिळणारी तीच घोळाची भाजी, इथे कच्ची. त्यावर ‘सुमाक’ नावाच्या आंबट फळांची लालसर भुकटी. कोकणात जे काम आमसूल करते ते हिच्याकडे. आणि या सगळ्यात कुरकुरीत तुकडे कसले? शिळ्या रोटीचे. कालची उरलेली रोटी भाजून किंवा तळून, मोडून घातलेली. अरबीत ‘फत्त’ म्हणजे कुस्करणे; फत्तूश हे नाव त्यावरूनच. थोडक्यात, हा त्यांचा कुस्करा.

शिळ्या पोळीचा कुस्करा कोणत्या मराठी घरात होत नाही? फोडणीची पोळी म्हणा, माणिकपैंज म्हणा. कांदा, मिरची, कढीलिंब आणि वर शेंगदाणे. तो आपल्याला मनापासून आवडतो. पण दारात पाहुणा आला की आपण कढईवर झाकण टाकतो आणि म्हणतो, “थांबा हं, पोहे टाकते.” लेबनीज माणसाने तोच कुस्करा पंगतीच्या अग्रभागी आणून ठेवला आणि त्याचे नावही बदलले नाही.

याचे मूळ गरिबीत आहे, असे कुणी म्हणेल. असेल. पहिल्या महायुद्धात, 1915 ते 1918 या काळात, लेबनॉनच्या डोंगरात भयंकर दुष्काळ पडला. समुद्राकडून दोस्तांची नाकेबंदी, जमिनीकडून तुर्की सरकारची धान्यजप्ती, आणि त्यातच टोळधाड. डोंगरातली सुमारे तिसरा हिस्सा माणसे त्यात गेली असे मानतात. फत्तूश त्या दुष्काळात जन्मले असे माझे म्हणणे नाही. पण ज्या मुलखाच्या आठवणीत असे दिवस आहेत, तिथे रोटीचा तुकडा टाकून देणे हाताला जड जात असणार. ‘मुजद्दरा’ हा मसूर, तांदूळ आणि तळलेल्या कांद्याचा पदार्थ तर नावानेच गरीब : मुजद्दरा म्हणजे देवीचे व्रण असलेला. भातातून मसूर तसे दिसतात म्हणून. बगदादमध्ये 1226 साली लिहिलेल्या पाकग्रंथात त्याची कृती सापडते. आठशे वर्षे टिकलेल्या या पदार्थाला कुणी गोंडस नाव दिले नाही.

चहाड्या सांगायच्या तर त्याही सांगते. मांसाचे पदार्थ मी खात नाही, म्हणून त्यांचा निकाल भावाच्या तोंडचा : कबाब कोरडे होते. बकलावा पाकात इतका बुडालेला की पिस्त्याची चव लागेना. भिंतीवरचा टीव्ही अखंड बोलत होता. एक खोट मात्र या एका खानावळीची नव्हे, त्या मांडणीचीच आहे : हे जेवण एकट्याचे नाही. चार माणसे असली तर आठ चवी. एकटा असला तर एक वाटी आणि समोर रिकामी खुर्ची. परक्या शहरात मजुरीला आलेल्या माणसाला अशी पंगत लांबूनच दिसायची.

दुसऱ्या खेपेला हे डोळ्यांनी पाहिले. दाराजवळच्या टेबलावर कामाच्या कपड्यांतला एक प्रौढ गृहस्थ एकटाच बसला होता. त्याने मागवले एक मसुराचे सूप, यादीतला सर्वांत स्वस्त पदार्थ. माझे लक्ष त्याच्या टेबलाकडेच लागून राहिले. पोऱ्याने आणली ती टोपली आमच्याच मापाची; तीच ऑलिव्ह, तेच गुलाबी लोणचे, तीच पुदिन्याची जुडी. थोड्या वेळाने एका बशीत तीन पदार्थांचे एकेक चमचा नमुनेही आले, न मागता. म्हातारे मालक गल्ल्यावरून उठून त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, “सहतैन.” आम्हालाही ते हेच म्हणाले होते. शब्दशः अर्थ, दोन आरोग्ये. म्हणजे तुम्हाला दुप्पट मानवो.

भाऊ हिशेबनीस वृत्तीचा. तो म्हणाला, “ताई, तू उगाच हळवी होतेस. हे सगळे बिलात धरलेले असते.”

धरलेले असणारच. खानावळ म्हणजे धर्मशाळा नव्हे. पण हिशेबात धरणे वेगळे आणि हिशेब दाखवणे वेगळे. लग्नात यजमानाने वाढप्याला मजुरी दिली म्हणून त्याचा आग्रह खोटा ठरत नाही. मी पाहिले ते एवढेच, की बिल लहान असो वा मोठे, पहिली टोपली सारखीच होती. आपल्याकडे ‘अगत्य’ नावाचा एक शब्द आहे. चेहऱ्यावरच्या हसण्याला आपण तो लावतो, आणि हसू तर नोकरीचा भाग म्हणून शिकवताही येते. या खानावळीत अगत्य जेवणाच्या मांडणीतच मुरलेले आहे : जे न मागता येते, जे सर्वांना सारखे येते, आणि ज्यात घरातले साधे अन्न लपवलेले नसते. वाढणारा पोऱ्या त्या दिवशी घुम्या असला, तरी ते कमी होणार नाही. टीकाकार म्हणून माझ्या मते हेच या स्वयंपाकाचे मोठे यश.

म्हणूनच आपल्या शहरांतून ‘लेबनीज’ या पाटीखाली जे बहुधा मिळते त्याविषयी तक्रार करावीशी वाटते. लसणाची त्यांची ‘तूम’ नावाची चटणी म्हणजे लसूण, तेल, लिंबू आणि मीठ घोटून घोटून पांढरीशुभ्र केलेली. तिच्या जागी बाटलीतले मेयोनेज आले, आणि शवरमाचा गुंडाळा कागदात बांधून उभ्या उभ्या एकट्याने खायचा झाला. भूक भागते, त्याला ना नाही. पण मधोमध ठेवलेली बशी त्यात कुठे उरली?

2023 साली युनेस्कोने लेबनॉनच्या ‘मनूशे’ला, म्हणजे तिथल्या घराघरांत सकाळी खातात त्या झातर लावलेल्या रोटीला, मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मेजवानीच्या पदार्थाऐवजी न्याहारीची रोटी तिथे पोचली, याचा मला विशेष आनंद झाला.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा घरोघरी फराळाचे डबे भरलेले असतील. मोडलेल्या चकल्या डब्याच्या तळाशी सारून अखंड तेवढ्या ताटात मांडायच्या, ही आपली जुनी रीत. ती सोडा असे मी म्हणत नाही. सणाला थोडा थाट हवाच. पण भाऊबीज सरली, बहिणी परत निघण्याच्या तयारीला लागल्या, गोडाचा कंटाळा आला, की एका सकाळी फोडणीची पोळी करा, ती एकाच मोठ्या परातीत काढा, आणि आलेल्या माणसालाही त्याच परातीपाशी बसवा. नुसते “मानवू दे” म्हटले तरी चालेल.